घाटातला तारा

नाशिकमध्ये नवख्या माणसाने त्र्यंबक रस्त्याकडचा पत्ता विचारला, तर अजूनही त्याला 'मायको सर्कलवरून वळा' असे सांगतात. वास्तविक मायको हे नाव कारखान्याच्या पाटीवरून २००८ सालीच उतरले. त्या वर्षी मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच 'मायको', अधिकृतपणे 'बॉश लिमिटेड' झाली. पण रिक्षावाल्यांनी, पेन्शनरांनी आणि सातपूर-गंगापूर रोड भागातल्या घराघरांनी हा ठराव काही मंजूर केलेला नाही. 'मुलगा मायकोत आहे' एवढ्या एका वाक्यावर ज्या शहरात एकेकाळी लग्ने जमली, तिथे नाव इतक्या सहजासहजी बदलत नसते.

आजचा विषय मात्र मर्सिडीज-बेंझ या जर्मन मोटारीचा आहे. मग सुरुवात मायकोने कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे, की त्या मोटारीच्या तीन टोकांच्या ताऱ्याला आपल्याकडे जे तेज आले, त्याची थोडीफार वात सातपूरच्या कारखान्यातही वळली गेली आहे. पण ते पुढे येईलच.

मर्सिडीज ही आपल्याकडे मोटार कमी आणि मोजमाप जास्त. मुंबईच्या चाळीत, नाशिकच्या वाड्यात किंवा विदर्भातल्या खेड्यात जिने कधी त्या गाडीच्या दाराला हातसुद्धा लावलेला नाही, अशी आजीही 'तो काय बाबा, मर्सिडीजमधून फिरणारा' म्हणते, तेव्हा तिला नेमके काय म्हणायचे आहे ते सगळ्यांना कळते. २०२२ च्या जून महिन्याच्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले, तेव्हा नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकले अशा अर्थाचे विधान केले आणि महाराष्ट्राला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनात राजकीय पदांच्या सौद्याचा आरोप झाला, तोही रुपयांत नव्हे, मर्सिडीजच्या संख्येत! त्याला तितकेच तिखट उत्तरही मिळाले. खरेखोटे ज्याचे त्याला माहीत. पण साहित्याच्या मांडवातसुद्धा श्रीमंतीचे माप म्हणून हीच गाडी आठवावी, याला काय म्हणावे?

हा लौकिक आला कुठून? केवळ किमतीतून तो येत नाही. महागड्या वस्तू जगात पुष्कळ आहेत.

माहेरी निघालेली बाई

कार्ल बेंझ हा मानहाइम गावचा अभियंता. हाताचा कसबी, पण व्यवहारात कच्चा आणि स्वभावाने भिडस्त. त्याच्या पहिल्या कारखान्यातला भागीदार भांडला, तेव्हा बर्था नावाच्या त्याच्या वाग्दत्त वधूने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम मागून घेतली आणि भागीदाराला मोकळे केले. आपल्याकडे हुंड्याच्या पैशाची रड आपण पिढ्यान् पिढ्या ऐकली. त्या पैशातून मोटारीचा शोध लागावा हे मात्र विरळाच. २९ जानेवारी १८८६ रोजी बेंझने आपल्या तीनचाकी, पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा क्रमांक ३७४३५. मोटारीचा जन्मदाखला म्हणून जगात याच कागदाकडे बोट दाखवतात.

दाखला मिळाला, पण गिऱ्हाईक मिळेना. घोड्यावाचून पळणारी, धूर सोडणारी ही तिरडी विकत कोण घेणार? बेंझ गाडीत सुधारणा करीत बसला. रस्त्यावर लांब काढायला धजेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, बर्थाबाईंनी ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले, गाडी हळूच बाहेर ढकलली आणि त्या माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम हे अंतर सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे नाशिकहून निघून कसारा घाट उतरून शहापूरच्याही पुढे जावे, एवढे. पण त्या वाटेवर ना पेट्रोलपंप, ना गॅरेज, ना धड रस्ता.

वाटेत इंधन संपले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी डाग काढायचे द्रव्य विकत घेतले. ते गाडीत चालत असे. जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून त्या दुकानाचे नाव आजही सांगतात. इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने साफ केली. विजेची तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची युक्ती ती हीच. चढ आला की मुले उतरून गाडी ढकलत. परत आल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितले, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. तो बसवला गेला. पुढच्या शंभर वर्षांत मोटार कंपन्यांनी जाहिरातींवर अब्जावधी रुपये उधळले असतील; पण माहेरपणाला निघालेल्या या बाईएवढी जाहिरात कुणाला साधली असे मला वाटत नाही.

त्याच १८८६ साली, तिथून शंभरेक किलोमीटरवर कानस्टाट या गावी, गॉटलीब डाइमलर आणि त्याचा जिवाभावाचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी घोडागाडीत इंजिन बसवून ती पळवली. बेंझ आणि डाइमलर यांची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही असे सांगतात. आणि गंमत म्हणजे याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या स्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश नावाच्या तरुणाने विजेच्या आणि यांत्रिक कामाची एक लहानशी कार्यशाळा उघडली. मोटारीला ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो हे त्याचे पहिले मोठे यश. म्हणजे मायकोचे मूळ आणि मर्सिडीजचे मूळ एकाच पंचक्रोशीतले, एकाच सालचे.

आता मर्सिडीज हे नाव. ते ना डाइमलरचे, ना बेंझचे. ते एका लहान मुलीचे आहे. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन धनिक फ्रान्समधल्या नीस शहरी राहायचा, डाइमलरच्या गाड्या विकायचा आणि शर्यतीत मुलीच्या नावाने उतरायचा. त्याला हवी होती बुटकी, लांब, वेगवान गाडी. १९०० साली डाइमलर वारला आणि त्याच वर्षी येलिनेकने ३६ गाड्यांची घसघशीत मागणी नोंदवली. अट एकच: इंजिनाला माझ्या मुलीचे नाव. मायबाखने जी ३५ अश्वशक्तीची गाडी घडवली, तिने १९०१ च्या वसंतात नीसच्या शर्यतींत बाकीच्यांना धूळ चारली आणि मोटार म्हणजे इंजिन लावलेली घोडागाडी, ही कल्पना कायमची मोडीत काढली. तीन टोकांचा तारा १९०९ साली नोंदवला गेला: जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडे आमची इंजिने, असा त्याचा अर्थ. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत दोन्ही कंपन्यांना एकेकटे जगणे कठीण झाले आणि १९२६ च्या जूनमध्ये त्या एक झाल्या. येलिनेकची लेक तेव्हा सदतिशीच्या घरात होती.

ताऱ्यावरचा डाग

कुटुंबाच्या पुरवणीत हा भाग टाळावा असे कुणी म्हणेल. पण ज्यांच्या लौकिकाची गोष्ट सांगायची, त्यांच्या काळ्या पानावर चिकटपट्टी लावणे बरे नव्हे. हिटलरच्या मिरवणुकीतली ती लांबलचक काळी '७७०' मर्सिडीजच होती. गाडी विकत घेणाऱ्याचे पाप गाडी बनवणाऱ्याच्या माथी मारता येत नाही, हे खरे. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. युद्धकाळात डाइमलर-बेंझ विमानांची इंजिने आणि लष्करी वाहने बनवत होती, आणि १९४४ साली तिच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे हे जबरदस्तीने आणलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. हा आकडा कंपनी स्वतःच आपल्या इतिहासात देते.

मात्र ते सांगायला तिला फार वेळ लागला. १९८६ मध्ये मोटारीची शताब्दी साजरी झाली, त्या सुमारास हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८८ मध्ये कंपनीने २ कोटी मार्क भरपाईपोटी दिले. पुढे २००० साली जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून वेठबिगारांसाठी जो निधी उभारला, त्यातही ती होती. तोवर त्या कामगारांतले कितीतरी जण हयात नव्हते.

बोनेटवरचे दोन मालक

आपल्या देशात हा तारा सामान्य माणसाने पहिल्यांदा पाहिला, तो राजेरजवाड्यांच्या मोटारीवर नव्हे, मालट्रकवर. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला लहानपण गेलेल्या साठी-सत्तरीतल्या कुणालाही विचारा. गोल नाकाचा, घाटात दम न सोडणारा, रात्री कुठूनही आवाजावरून ओळखू येणारा ट्रक म्हणजे 'टाटा-मर्सिडीज'. चांदवडच्या चढावर, कसारा घाटात, लासलगावचा कांदा आणि नाशिकची भाजी घेऊन मुंबईकडे जाणारे हे ट्रक. बोनेटवर टाटांचे नाव आणि त्याच्या जोडीला जर्मन तारा. एका गाडीला दोन मालक, आणि दोघांनाही तिचा अभिमान!

टेल्को ही कंपनी १९४५ सालची. जमशेदपूरला ती रेल्वेची इंजिने बनवत असे. रेल्वेवर पोट अवलंबून ठेवणे धोक्याचे, हे ओळखून तिने ट्रक बनवायचे ठरवले आणि १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला. करारानंतर जेमतेम सहा महिन्यांत, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पहिला ट्रक बाहेर पडला. अर्थात तेव्हा तो बहुतांशी जर्मन सुट्या भागांची जुळणी होता. प्रश्न होता तो पुढच्या पंधरा वर्षांचा.

या पंधरा वर्षांच्या कहाणीत एक मराठी माणूस आहे: सुमंत मुळगावकर. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेले, आधी सिमेंटच्या उद्योगात नाव कमावलेले हे गृहस्थ १९४९ साली टेल्कोत आले. परदेशी कंपनीशी करार म्हणजे दरवर्षी स्वामित्वधन भरायचे, पेटाऱ्यातले भाग जोडायचे आणि करार संपला की पुन्हा वाकून नव्याने करायचा, ही आपल्याकडची रूढ रीत. मुळगावकरांना ती मान्य नव्हती. नुसता ट्रक बनवून भागणार नाही, ट्रक बनवणारी यंत्रेही इथेच बनली पाहिजेत, आणि ती यंत्रे बनवणारी माणसे इथेच घडली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. म्हणून १९६६ साली पिंपरी-चिंचवडच्या माळावर टेल्कोने पाय रोवले, तेव्हा पहिला भर ट्रकवर नव्हता. तो होता यंत्रे-हत्यारे बनवणाऱ्या विभागावर आणि शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणावर. त्या उघड्याबोडक्या माळावर मुळगावकरांनी तळे केले आणि हजारो झाडे लावली. कारखान्यात झाडे कशाला, असे तेव्हा म्हणणारेही होतेच.

या धोरणाची परीक्षा १९६९ साली झाली. करार संपला. तारा उतरला. त्या जागी इंग्रजी 'टी' अक्षर आले. आता गिऱ्हाईक काय म्हणेल? ट्रकवाला हा जगातला सर्वात कठोर परीक्षक. त्याच्या घरदाराचा पैसा त्या चार-सहा चाकांत अडकलेला असतो, आणि चिन्हाकडे पाहून माल भरायची चैन त्याला परवडत नाही. जर्मन तारा गेल्यावर त्याने पाठ फिरवली असती, तर पंधरा वर्षे आपण केवळ हमाली केली असे सिद्ध झाले असते. त्याने पाठ फिरवली नाही. टाटांचा ट्रक पुढची कित्येक वर्षे भारतीय रस्त्याचा राजा राहिला.

याचा अर्थ जर्मन विद्या पुसली गेली असा नव्हे. ज्या '६९७' इंजिनाचे नाव जुना फिटर आजही आदराने घेतो, त्याची कुंडली मर्सिडीजचीच. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून ६९७. हीच मापे मर्सिडीजच्या 'ओएम ३५२' या इंजिनाची. पण उसनी विद्या पचवून आपली करणे आणि उसने कपडे घालून मिरवणे यात फरक आहे. १९८६ साली टेल्कोने '४०७' हा छोटा ट्रक आणला. जपानी कंपन्या आपापल्या भारतीय भागीदारांसह त्याच बाजारात उतरल्या होत्या, तेव्हा पुण्यात घडलेल्या या गाडीने त्यांना टक्कर दिली. मुळगावकर १९८९ मध्ये गेले. १९९४ साली जी 'सुमो' आली, आणि जिच्यात बसून निम्म्या महाराष्ट्राने शिर्डी, त्र्यंबकेश्वर आणि वणीच्या वाऱ्या केल्या, तिचे नाव जपानी पहिलवानांवरून पडले असे अनेकांना वाटते. ते सुमंत मुळगावकरांच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या नावा-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन ठेवलेले आहे.

जाता जाता आणखी एक. आपण ज्याला सर्रास 'टेम्पो' म्हणतो, गणपती आणायला, घर बदलायला, लग्नाचे सामान न्यायला जो लागतो, तो शब्दही जर्मनच आहे. हॅम्बुर्गमधल्या एका कंपनीच्या तीनचाकी गाडीचे ते नाव. नगरचे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढून ती गाडी इथे आणली. पुढे उलाढालींत तिकडची मूळ कंपनी डाइमलर-बेंझच्या पदरात गेली, आणि इकडच्या टेम्पोला मर्सिडीजच्या परवान्याचे डिझेल इंजिन मिळाले. जर्मनीत 'टेम्पो' केव्हाच अस्तंगत झाला. आकुर्डीच्या कंपनीनेही २००५ साली 'फोर्स मोटर्स' असे नाव घेतले. मराठीतला टेम्पो मात्र कुठल्याही कंपनीचा असला तरी टेम्पोच!

पिंपरीत परतलेला पाहुणा

१९९१ नंतर दारे उघडली आणि १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझने भारतात कंपनी स्थापन केली. जोडीदार पुन्हा टेल्को. १९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, पहिली ई-क्लास तयार झाली. ज्या घरातून तारा १९६९ साली निघून गेला होता, त्याच घरी तो पाहुणा म्हणून परतला.

पण पाहुण्याने थोडी चूक केली. जी गाडी इथे आणली ती 'डब्ल्यू १२४' मालिकेतली, युरोपात १९८४ च्या अखेरीस आलेली. आणि नेमके १९९५ मध्येच तिकडे तिची जागा नव्या गाडीने घेतली होती. गाडी म्हणून ती अव्वल. जाणकार तर आजही म्हणतात, की इतकी दणकट मर्सिडीज नंतर झाली नाही. पण भारतीय श्रीमंताला वर्तमानपत्र आणि विमानाचे तिकीट दोन्ही परवडत होते. तिकडे मोडीत निघालेली आम्हाला का, असा सवाल त्याने केला आणि खप बेताचाच राहिला. गरीब देशातला श्रीमंत माणूस कसा असतो, याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही, तो असा.

तारा पुढे टाटांपासून वेगळा झाला. २००९ मध्ये चाकणला त्याचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. पण त्याच वर्षी, १९९० च्या दशकात ज्यांचे इथे नावही फारसे घेतले जात नव्हते त्या बीएमडब्ल्यूने खपात त्याला मागे टाकले. नंतर काही काळ ऑडी पुढे गेली. पहिले स्थान परत मिळवायला २०१५ उजाडले. २०२४ साली कंपनीने भारतात १९ हजारांहून अधिक गाड्या विकल्या. दरम्यान टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेऊन मर्सिडीजच्याच आळीत दुकान थाटले. २०१० मध्ये डाइमलरने टाटा मोटर्समधला आपला जुना हिस्सा विकून टाकला. आणि २०१२ मध्ये चेन्नईजवळ 'भारतबेंझ' नावाने ट्रक काढून ती टाटांच्या आळीत शिरली. गुरू-शिष्य आता समोरासमोर उभे आहेत. भावकीत असेच चालते.

लौकिकाला उतरती कळा लागण्याचे प्रसंग तिकडेही आले. १९९७ मध्ये छोटी 'ए-क्लास' स्वीडनमधल्या एका चाचणीत, रस्त्यात अचानक जनावर आले असे समजून वळवताना, चक्क उलटली. या नाचक्कीनंतर कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक गाडीत घातली. १९९८ साली अमेरिकेच्या क्रायस्लरशी लग्न लावले. ते २००७ मध्ये मोडले. मधल्या काळात गाड्यांच्या दर्जाबद्दल तक्रारी वाढल्या, ब्रेकच्या नव्या यंत्रणेसाठी लाखो गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या. एकीकडे ग्रीसमधल्या टॅक्सीवाल्याची ४६ लाख किलोमीटर चाललेली जुनी '२४० डी' कंपनीच्या संग्रहालयात मानाने उभी, आणि दुसरीकडे नव्या गाडीचा मालक गॅरेजच्या पायऱ्या झिजवतोय, अशी स्थिती होती.

या गाडीची खरी मिळकत जर कुठली असेल, तर ती सुरक्षेची. बेला बारेन्यी नावाच्या तिच्या अभियंत्याने एक उलटा विचार मांडला: गाडी सगळीकडून टणक असेल तर धडकेचा सारा मार आतल्या माणसाला बसतो. म्हणून पुढचा आणि मागचा भाग चुरगळू द्यावा, मधला पिंजरा तेवढा भक्कम ठेवावा. १९५९ पासून मर्सिडीजमध्ये हे आले आणि आज जगातली जवळपास प्रत्येक मोटार याच तत्त्वावर बनते. १९७८ मध्ये चाके न घसरू देणारा एबीएस ब्रेक, थोड्याच काळात एअरबॅग. दोन्ही बॉशच्या सोबतीने. परंतु ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर जो अपघात झाला, तो आठवा. गाडी मर्सिडीजच होती. पुढे बसलेले दोघे वाचले; मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि त्यांचे स्नेही दगावले. मागच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात दिसले. त्यानंतर काही आठवडे मागच्या सीटच्या पट्ट्याविषयी खूप बोलले गेले. आज आपल्या घरच्या गाडीत मागे बसणारे किती जण तो बांधतात, ते वाचकांनीच पाहावे.

केसाहून बारीक

आता मायकोकडे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होते म्हणा ना, आणि त्या क्षणी डिझेलचा फवारा आत सोडायचा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, मोजून मापून हवा आणि अचूक क्षणी हवा. जरा थेंब जाड झाला की काळा धूर, खडखडाट आणि तेलाची नासाडी. हे काम करणारे नोझल दिसायला करंगळीएवढे. पण त्याच्या आतली सुई आणि तिची नळी यांच्यामधली फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजा. बॉशने १९२७ मध्ये डिझेल पंपाचे उत्पादन सुरू केले म्हणूनच १९३६ साली मर्सिडीजला '२६० डी' ही डिझेलवरची मोटार बाजारात आणता आली. ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा पुष्कळ कमी इंधन पिई. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली.

हेच नोझल सातपूरला बनू लागले. १९६९ च्या सुमारास मायको नाशिकला आली, ती हे काम घेऊन. द्राक्षे, देवदर्शन आणि नोटांचा छापखाना यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात शेतकऱ्यांची, भिक्षुकांची, कारकुनांची मुले मायक्रॉनची भाषा बोलू लागली. धूळ चालत नाही, घामाचा हात चालत नाही, 'चालतंय की' तर अजिबात चालत नाही, हा संस्कार नाशिकला मिळाला तो इथे. घाटातल्या त्या टाटा ट्रकचा आवाज ज्या इंजिनातून यायचा, त्याचा पंप-नोझल मायकोचे असणार हे द्वारकेजवळच्या गॅरेजवाल्याला न उघडताच माहीत असे. तारा उतरला तेव्हा ट्रक उताणा पडला नाही, त्याचे श्रेय द्यायचे तर या अदृश्य हातांनाही द्यायला हवे. पुढे संगणकाच्या हुकमाने, हजार-दीड हजार वातावरणांहून अधिक दाबाने फवारणारे 'कॉमन रेल' इंजेक्टरही नाशिकला बनले.

त्याच डिझेलने घातही केला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली: चाचणीपुरता स्वच्छ आणि रस्त्यावर गलिच्छ धूर सोडणारी इंजिने. चौकशीचे लोण मर्सिडीजपर्यंतही पोचले. २०१९ साली जर्मनीत डाइमलरला ८७ कोटी युरोंचा दंड झाला, बॉशला ९ कोटींचा, आणि २०२० मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करताना डाइमलरला सुमारे दीड अब्ज डॉलर मोजावे लागले. ज्या दोन नावांवर जग डोळे मिटून विश्वास ठेवत होते, ती दोन्ही एकाच कचेरीत उभी राहिली.

आणि आता विजेची मोटार. २०२२ मध्ये चाकणला 'ईक्यूएस' ही विजेवर चालणारी मर्सिडीज जोडली जाऊ लागली. एका भरणीत ८५७ किलोमीटर जाते असा तिचा भारतीय चाचणीतला आकडा आहे. तिच्यात सिलिंडर नाही, पंप नाही, नोझल नाही. २०२१ साली मर्सिडीजने जाहीर केले होते, की बाजार तयार असेल तिथे दशकाच्या अखेरीस आपण पूर्णपणे विजेकडे जाऊ. २०२४ च्या फेब्रुवारीत तिने ती मुदत सैल केली. इंजिनाच्या गाड्याही पुढच्या दशकात चालू राहतील असे सांगितले. स्टुटगार्टमध्ये हा शेअर बाजाराच्या पानावरचा विषय होता. सातपूरच्या, अशोकनगरच्या, पाथर्डी फाट्याच्या कितीतरी घरांत मात्र ती बातमी वेगळ्या नजरेने वाचली गेली असेल. कुणाची नोकरीची अजून दहा-बारा वर्षे बाकी आहेत, कुणाच्या फ्लॅटचे हप्ते आहेत, कुणाचा मुलगा आयटीआयला कुठला ट्रेड घ्यावा या विचारात आहे. कसारा घाटातून रात्री चढणारे ट्रक अजून तरी डिझेलवरच चढताहेत.